अटींचे दातृत्व : अँजेला बर्डेट-कूट्स यांच्या चरित्रलेखनाचा चिकित्सक विचार

सारांश

अँजेला बर्डेट-कूट्स (१८१४–१९०६) या व्हिक्टोरियन इंग्लंडमधील सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत दानशूर स्त्रियांपैकी एक होत. त्यांच्याविषयी इंग्रजीत पुष्कळ लेखन झाले आहे. तथापि या लेखनाचा बराचसा भाग एकतर त्यांनी दिलेल्या रकमांची मोजदाद करतो किंवा त्यांच्याकडे चार्ल्स डिकन्स, ड्यूक ऑफ वेलिंग्टन अशा थोर पुरुषांच्या पत्रव्यवहारातून पाहतो. त्यांना मिळालेली संपत्ती अटींनी बांधलेली होती आणि त्यांनी केलेले दानही बहुधा अटींसहच दिले गेले. संपत्ती, स्त्रीचे स्वातंत्र्य आणि नियंत्रण यांचे हे नाते प्रस्तुत लेखात तपासले आहे. त्यासाठी युरेनिया कॉटेज, कोलंबिया मार्केट, आयर्लंडमधील मच्छीमारांना दिलेली कर्जे आणि १८८१ मधील त्यांचा विवाह या चार प्रसंगांचा प्रामुख्याने आधार घेतला आहे.

बीजशब्द : दातृत्व, चरित्रलेखन, व्हिक्टोरियन स्त्री, मृत्युपत्र, युरेनिया कॉटेज, नियंत्रण.

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडचा विचार करताना दोन चित्रे डोळ्यांसमोर येतात. एक चित्र यंत्रयुगाच्या वैभवाचे, तर दुसरे त्याच वैभवाच्या सावलीत वाढलेल्या दारिद्र्याचे. या दोन चित्रांना जोडणारा दुवा म्हणून त्या काळी खाजगी दानधर्माकडे पाहिले जात असे. शासनाने गरिबांसाठी फारसे करू नये आणि जे करावयाचे ते सुस्थितीतील व्यक्तींनी स्वेच्छेने करावे, अशी तत्कालीन समाजाची सर्वसाधारण धारणा होती. १८३४ च्या गरीब कायद्याने वर्कहाऊसची व्यवस्था अधिक कठोर केल्यावर या खाजगी दानाला आणखी महत्त्व आले. अशा काळात एका अविवाहित तरुण स्त्रीच्या हाती प्रचंड संपत्ती आली आणि तिने पुढील जवळजवळ सत्तर वर्षे ती लोकोपयोगी कामांत खर्च केली. ही घटना तिच्या समकालीनांनाही अपूर्व वाटली.

अँजेला बर्डेट-कूट्स यांना १८७१ मध्ये राणी व्हिक्टोरियाने स्वतंत्रपणे उमरावपद दिले. १८७२ मध्ये लंडन शहराचे मानद नागरिकत्व मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. ३० डिसेंबर १९०६ रोजी त्यांचे निधन झाल्यावर सुमारे तीस हजार लोकांनी त्यांचे अंत्यदर्शन घेतले आणि ५ जानेवारी १९०७ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्यांचे दफन झाले. आयुष्यभरात त्यांनी तीस लाख पौंडांहून अधिक रक्कम दान केली असावी, असा अंदाज सामान्यतः दिला जातो. एवढे असूनही डिकन्सच्या अभ्यासकांचा अपवाद वगळता साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे नाव फारसे परिचित नाही. जेथे परिचित आहे, तेथेही ते डिकन्सची श्रीमंत मैत्रीण म्हणूनच. एवढ्या मोठ्या सार्वजनिक जीवनाची अशी स्थिती का व्हावी, या प्रश्नातून प्रस्तुत विवेचनाला सुरुवात करावी लागते.

चरित्रसाधने आणि त्यांच्या मर्यादा

अँजेला यांच्यावरील लेखनाचे स्थूलमानाने तीन टप्पे करता येतात. पहिला टप्पा गौरवपर लेखनाचा आहे. १८९३ मध्ये शिकागो येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनातील महिला मंडळासाठी त्यांच्या सार्वजनिक कार्याचा एक परिचयग्रंथ प्रसिद्ध झाला. तो टेकच्या डचेस प्रिन्सेस मेरी ॲडलेड यांच्या आज्ञेने सिद्ध झाला होता. नायिका हयात असताना आणि राजघराण्याच्या आश्रयाने लिहिलेल्या ग्रंथाकडून चिकित्सेची अपेक्षा करणे योग्य होणार नाही. संस्थांची यादी, देणग्यांची यादी आणि सन्मानांची यादी असे त्याचे स्वरूप आहे.

दुसरा टप्पा विसाव्या शतकाच्या मध्याला सुरू होतो. एडगर जॉन्सन यांनी संपादित केलेला डिकन्सच्या अँजेला यांना लिहिलेल्या पत्रांचा संग्रह १९५३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी क्लारा बर्डेट पॅटरसन यांचे पुस्तकही आले. १९६५ मध्ये वेलिंग्टनची मित्रमंडळींना लिहिलेली पत्रे प्रसिद्ध झाली, त्यांत अँजेला यांना लिहिलेली पत्रे होती. या प्रकाशनांमुळे अँजेला यांच्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले, हे मान्य करावेच लागेल. परंतु येथे एक मूलभूत अडचण आहे. डिकन्सने १८६० मध्ये गॅड्स हिल येथील आपल्या घरी त्याला आलेल्या पत्रांची होळी केली. त्यामुळे या दीर्घ संवादातील डिकन्सची बाजू आपल्याला मोठ्या प्रमाणावर उपलब्ध आहे, तर अँजेला यांची बाजू जवळजवळ नाहीशी झाली आहे. डिकन्स ज्या आक्षेपांना उत्तर देतो, ते आक्षेप मुळात कोणत्या शब्दांत घेतले गेले होते, हे उत्तरावरून ताडावे लागते. एका बाजूचे बोलणे ऐकून दुसऱ्या बाजूचे व्यक्तिमत्त्व रेखाटावयाचे, असा हा प्रकार आहे. डिकन्सच्या लेखणीचे सामर्थ्य लक्षात घेता, त्याच्या पत्रांतील ‘मिस कूट्स’ हीच खरी अँजेला असे वाटू लागणे स्वाभाविक आहे. चरित्रकारांनी या मोहापासून सावध राहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

तिसरा टप्पा स्वतंत्र चरित्रांचा आहे. एडना हीली यांचे ‘लेडी अननोन’ (१९७८) आणि डायना ऑर्टन यांचे ‘मेड ऑफ गोल्ड’ (१९८०) ही दोन चरित्रे येथे महत्त्वाची होत. या दोन शीर्षकांतच त्यांच्याकडे पाहण्याच्या दोन प्रचलित दृष्टी व्यक्त झाल्या आहेत. एकीत त्या अज्ञात आहेत, तर दुसरीत सोन्याच्या आहेत. हीली यांचे चरित्र अधिक साक्षेपी असून कौटुंबिक व बँकविषयक कागदपत्रांचा त्यांनी चांगला उपयोग केला आहे. पुढे जेनी हार्टली यांच्या २००८ मधील ग्रंथाने युरेनिया कॉटेजमधील स्त्रियांचा शोध घेतला आणि या विषयाला नवी दिशा दिली. दाता आणि सल्लागार यांच्याबरोबर ज्यांच्यासाठी हे सर्व केले गेले त्या मुलींनाही त्यांनी इतिहासात स्थान दिले, हे हार्टली यांचे विशेष श्रेय होय.

या सर्व लेखनातून एक गोष्ट मात्र हवी तितकी ठळकपणे पुढे येत नाही. ती म्हणजे अँजेला यांच्या संपत्तीचे स्वरूप आणि त्यांच्या दानाचे स्वरूप यांतील साम्य.

वारसा : अटींनी बांधलेले स्वातंत्र्य

अँजेला यांचा जन्म २१ एप्रिल १८१४ रोजी झाला. वडील सर फ्रान्सिस बर्डेट हे सुधारणावादी संसदसदस्य होते. आपल्या स्पष्ट मतांमुळे १८१० मध्ये त्यांना टॉवर ऑफ लंडनमध्ये कैद भोगावी लागली होती. आई सोफिया ही बँकर थॉमस कूट्स यांची मुलगी. म्हणजे एका बाजूला सत्तेला आव्हान देणारे राजकारण आणि दुसऱ्या बाजूला सत्ताधाऱ्यांचे पैसे सांभाळणारी बँक, असा हा दुहेरी वारसा होता.

ही संपत्ती अँजेला यांच्याकडे ज्या मार्गाने आली, तो मार्ग विशेष लक्षणीय आहे. थॉमस कूट्स यांनी १८१५ मध्ये, पहिल्या पत्नीच्या निधनानंतर, हॅरिएट मेलन या अभिनेत्रीशी विवाह केला. रंगभूमीवरून आलेल्या या स्त्रीला कुटुंबाने आणि उच्चभ्रू समाजाने मनापासून कधीच स्वीकारले नाही. १८२२ मध्ये थॉमस यांनी आपली सर्व संपत्ती तिच्या नावे करून ठेवली. पुढे ती ड्यूक ऑफ सेंट ऑल्बन्सची पत्नी झाली. ऑगस्ट १८३७ मध्ये तिचे निधन झाले, तेव्हा तिने आपल्या पहिल्या पतीच्या नातवंडांतून अँजेला यांची निवड केली होती. सुमारे अठरा लाख पौंडांची ही मिळकत होती. त्याच वर्षीच्या जून महिन्यात अठरा वर्षांची व्हिक्टोरिया सिंहासनावर आली होती. एक तरुणी राज्याची धनी झाली आणि दुसरी संपत्तीची, असा योग जुळून आला. एका वृत्तपत्राने तर या संपत्तीचे वजन सोन्यात तेरा टन भरेल, असा हिशेब मांडला होता. अँजेला यांचे मोल वजनात करण्याची प्रथा अशी अगदी प्रारंभापासून पडली.

परंतु या तेरा टनांना साखळ्या होत्या. वारसदाराने कूट्स हे नाव धारण करावे, अशी एक अट होती. त्यानुसार सप्टेंबर १८३७ मध्ये राजाज्ञेने अँजेला बर्डेट या बर्डेट-कूट्स झाल्या. परकीय नागरिकाशी विवाह करू नये, ही दुसरी अट होती. मिळकत विश्वस्त व्यवस्थेखाली असून उत्पन्न मात्र त्यांचे होते. बँकेच्या प्रत्यक्ष कारभारात त्यांना स्थान नव्हते. म्हणजे एवढी मोठी धनिक स्त्री आपल्याच धनाच्या उगमस्थानी पाहुणी होती.

येथे तत्कालीन कायद्याची पार्श्वभूमी ध्यानात घ्यावी लागते. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेविषयीचे कायदे १८७० आणि १८८२ मध्ये झाले. त्यापूर्वी सर्वसाधारण कायद्यानुसार विवाहानंतर स्त्रीचे स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व पतीच्या अस्तित्वात विलीन होत असे. धनिक घराण्यांत विश्वस्त व्यवस्थेच्या आधारे यातून मार्ग काढला जाई, हे खरे. तरीही अविवाहित राहणे हा स्त्रीच्या दृष्टीने आर्थिक निर्णयस्वातंत्र्याचा सर्वांत निर्वेध मार्ग होता. अँजेला वयाच्या सहासष्टाव्या वर्षापर्यंत अविवाहित राहिल्या. चरित्रकारांनी याची भावनिक कारणे शोधली आहेत. संपत्तीच्या लोभाने मागणी घालणाऱ्यांचा तिटकारा, रिचर्ड डन या बॅरिस्टरने वर्षानुवर्षे केलेला छळ, ही त्यांपैकी काही कारणे होत. परंतु या अविवाहितपणात एक विचारपूर्वक जपलेली स्वायत्तताही असली पाहिजे, असे म्हणण्यास वाव आहे.

फेब्रुवारी १८४७ मध्ये बत्तीस वर्षांच्या अँजेला यांनी सत्त्याहत्तर वर्षांच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनला स्वतःहून विवाहाचा प्रस्ताव दिला. वेलिंग्टनने वयाचे कारण देऊन तो अत्यंत सौजन्याने नाकारला आणि मैत्री मात्र १८५२ मध्ये मृत्यू येईपर्यंत टिकवली. हा प्रसंग बहुतेक चरित्रांत एक हळवे प्रकरण म्हणून येतो. वस्तुतः विवाहासारख्या बाबतीतही निर्णय स्वतः घ्यावा, पुढाकार स्वतः करावा, या त्यांच्या स्वभावाचे ते उदाहरण आहे. घरातील त्यांचे खरे साहचर्य होते ते हॅना मेरेडिथ यांच्याशी. प्रथम गव्हर्नेस म्हणून आलेल्या हॅना पुढे मिसेस ब्राऊन झाल्या, तरी १८७८ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांची सोबत सुटली नाही. थोर पुरुषांच्या पत्रांमुळे झाकोळलेल्या या नात्याला चरित्रांत मिळालेली जागा त्याच्या महत्त्वाच्या मानाने कमी आहे.

युरेनिया कॉटेज : दया आणि देखरेख

अँजेला आणि डिकन्स यांचा परिचय १८३० च्या दशकाच्या अखेरीस झाला. ‘मार्टिन चझलविट’ ही कादंबरी डिकन्सने त्यांना अर्पण केली आहे. डिकन्सच्या थोरल्या मुलाच्या ईटन येथील शिक्षणाचा खर्च त्यांनी केला. परंतु दोघांचे सर्वांत महत्त्वाचे संयुक्त कार्य म्हणजे युरेनिया कॉटेज. मे १८४६ मध्ये डिकन्सने एका दीर्घ पत्राद्वारे त्याची योजना मांडली आणि नोव्हेंबर १८४७ मध्ये शेफर्ड्स बुश येथे हे गृह सुरू झाले. वेश्याव्यवसायात ओढल्या गेलेल्या, चोरीसाठी शिक्षा झालेल्या किंवा निराधार झालेल्या तरुण मुलींना तेथे ठेवावयाचे, त्यांना वाचन-लेखन व घरकाम शिकवावयाचे आणि नंतर ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका किंवा कॅनडा येथे नव्या आयुष्यासाठी पाठवावयाचे, असा हा उपक्रम होता. एका वेळी तेथे साधारणतः डझनभर मुली असत. पंधरा वर्षांच्या काळात शंभरच्या आसपास मुली या घरातून गेल्या.

त्या काळातील इतर सुधारगृहांच्या तुलनेत युरेनिया कॉटेज निश्चितच अधिक माणुसकीचे होते. तेथील वातावरण तुरुंगाचे नसावे, घराचे असावे, यावर डिकन्सचा कटाक्ष होता. मुलींना त्यांच्या पूर्वायुष्याविषयी सतत बोल लावू नयेत, धर्मोपदेशाचा अतिरेक करू नये, असा त्याचा आग्रह होता. मुलींचे कपडे रंगीत असावेत असे डिकन्सला वाटे, तर अँजेला यांचा कल साध्या, गडद कपड्यांकडे होता. परदेशी गेल्यावर विवाहाची आशा मुलींसमोर ठेवावी की नाही, यावरही दोघांत मतभेद होते. डिकन्स ती आशा ठेवण्याच्या बाजूचा होता. अँजेला साशंक होत्या. हे मतभेद वाचताना डिकन्स उदार आणि अँजेला कर्मठ, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो आणि अनेकांनी तो काढलाही आहे. पण वर म्हटल्याप्रमाणे आपल्यासमोर एकाच पक्षाची बाजू आहे. शिवाय विवाहाला स्त्रीच्या उद्धाराचे अंतिम साधन मानण्याविषयी एका अविवाहित स्त्रीच्या मनात शंका असावी, यात कर्मठपणाखेरीज अन्य काही असू शकेल, ही शक्यता फारशी कोणी विचारात घेतलेली नाही.

नियंत्रणाच्या बाबतीत मात्र दोघे समानच होते, हे लक्षात घ्यावे लागते. अलेक्झांडर मॅकोनोची यांनी नॉरफोक बेटावरील कैद्यांसाठी तयार केलेली गुणपद्धती डिकन्सने येथे बदल करून वापरली. सत्यनिष्ठा, उद्योग, स्वभाव, नीटनेटकेपणा अशा बाबींत रोजच्या रोज गुण मिळत आणि त्यांची पैशांत नोंद होई. गैरवर्तनाबद्दल गुण वजा होत. प्रत्येक मुलीची कहाणी डिकन्स स्वतः विचारून एका वहीत लिहून ठेवी. नंतर मात्र ती कहाणी मुलीने इतर कोणालाही सांगावयाची नाही, असा नियम होता. म्हणजे या घरात प्रवेश मिळविण्यासाठी मुलीला आपला भूतकाळ स्वाधीन करावा लागे. ती वही आज उपलब्ध नाही. ज्यांच्याविषयी ती लिहिली गेली, त्यांचा स्वतःचा आवाज तिच्याबरोबरच हरवला आहे. या दृष्टीने पाहता अँजेला यांची पत्रे आणि युरेनियातील मुलींच्या कहाण्या यांच्या वाट्याला एकाच लेखणीमुळे सारखेच मौन आले आहे.

उपक्रमाचे फलित काय, हा प्रश्न राहतोच. एप्रिल १८५३ मध्ये डिकन्सने ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ मध्ये या गृहाविषयी निनावी लेख लिहिला. त्यात आतापर्यंतच्या पन्नासहून अधिक मुलींपैकी तीस जणी परदेशी जाऊन चांगल्या मार्गाला लागल्या, असे नमूद केले आहे. काही स्वेच्छेने निघून गेल्या, काहींना काढून टाकले, काही पळून गेल्या. हा हिशेब प्रामाणिकपणे मांडला आहे. तथापि ज्या पळून गेल्या, त्या का गेल्या, हा प्रश्न त्यात अपयशाच्या रकान्यात जमा होऊन संपतो. हार्टली यांनी जॉर्जियाना मॉर्सन या व्यवस्थापिकेचे काम आणि काही मुलींचे पुढील आयुष्य शोधून काढल्यामुळे या रकान्यांमागील माणसे प्रथमच दिसू लागली. तीन मुलींची आई असलेल्या या विधवा स्त्रीने १८४९ ते १८५४ या काळात हे घर प्रत्यक्ष चालविले. दानाचा इतिहास लिहिताना देणारा आणि योजना आखणारा यांच्यापलीकडे रोज काम करणारा असा एक तिसरा पक्ष असतो, याची जाणीव त्यामुळे झाली.

डिकन्सच्या साहित्यावर या अनुभवाचा परिणाम झाला, हे सर्वमान्य आहे. ‘डेव्हिड कॉपरफिल्ड’ मधील एमिली आणि मार्था ऑस्ट्रेलियाला जातात, हा योगायोग नव्हे. पण ‘ब्लीक हाउस’ (१८५२–५३) मध्ये मिसेस जेलिबी आणि मिसेस पार्डिगल या परोपकारी स्त्रियांची जी बोचरी थट्टा डिकन्सने केली, ती तो एका परोपकारी स्त्रीच्या पैशावर आणि तिच्या सहकार्याने युरेनिया चालवीत असतानाच, ही गोष्ट तितकीच विचार करण्याजोगी आहे. पुरुषाच्या मार्गदर्शनाखालील स्त्रीचे दातृत्व त्याला आदरणीय वाटले आणि स्वतःच्या बुद्धीने चाललेले दातृत्व हास्यास्पद वाटले काय, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. १८५८ मध्ये डिकन्स पत्नीपासून विभक्त झाला. अँजेला यांनी समेटाचा प्रयत्न केला, तो सफल झाला नाही. त्यानंतर दोघांतील सहकार्य क्षीण होत गेले आणि १८६० च्या दशकाच्या आरंभी युरेनिया कॉटेजही बंद झाले.

कोलंबिया मार्केट आणि बाल्टिमोरच्या नौका

डिकन्सच्या नंतरच्या काळातील अँजेला यांच्या कार्यात दोन प्रकल्प परस्परांशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. पहिला लंडनच्या ईस्ट एंडमधील. बेथनल ग्रीन येथील नोव्हा स्कोशिया गार्डन्स ही अत्यंत गलिच्छ वस्ती होती. ती हटवून वास्तुविशारद हेन्री डार्बिशायर यांच्याकडून त्यांनी कोलंबिया स्क्वेअर ही कामगारांसाठी आदर्श निवासस्थाने १८६२ पर्यंत उभी केली. त्यालगतच कोलंबिया मार्केट बांधले. ते एप्रिल १८६९ मध्ये खुले झाले. गरिबांना स्वच्छ ठिकाणी स्वस्त अन्नधान्य व भाजीपाला मिळावा, हा हेतू अत्यंत चांगला होता. सुमारे दोन लाख पौंड खर्चून उभारलेली ही गॉथिक शैलीतील वास्तू एखाद्या कॅथीड्रलसारखी भव्य होती आणि तिच्या भिंतींवर नीतिवचने कोरली होती.

बाजार मात्र चालला नाही. प्रस्थापित व्यापाऱ्यांचा विरोध होता, मालवाहतुकीची पुरेशी सोय नव्हती आणि ज्यांच्यासाठी हे केले, त्या फेरीवाल्यांना आणि गिऱ्हाइकांना रस्त्यावरचाच बाजार सोयीचा वाटत होता. १८७१ मध्ये अँजेला यांनी ही इमारत लंडन महापालिकेला दिली, १८७४ मध्ये ती त्यांच्याकडे परत आली आणि १८८६ मध्ये बाजार बंद झाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही वास्तूही पाडण्यात आली. गरिबांना काय हवे, यापेक्षा गरीब कसे असावेत, याचा विचार या वास्तूत अधिक झाला होता, असे म्हणावे लागते. भिंतीवर कोरलेले नीतिवचन वाचून कोणी भाजीपाला विकत घेत नाही.

दुसरा प्रकल्प आयर्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील. १८७९–८० च्या दुष्काळानंतर बाल्टिमोर आणि केप क्लिअर येथील मच्छीमारांसाठी तेथील धर्मगुरू फादर चार्ल्स डेव्हिस यांच्या प्रयत्नांना अँजेला यांनी साथ दिली. येथे त्यांनी भीक दिली नाही. नौका घेण्यासाठी बिनव्याजी कर्ज दिले. मच्छीमारांनी मासे पकडले, विकले आणि कर्ज बहुतांशी फेडले. १८८७ मध्ये बाल्टिमोर येथे मासेमारीचे प्रशिक्षण देणारी शाळाही सुरू झाली. याही दानाला अट होती, ती परतफेडीची. पण ही अट घेणाऱ्याला सन्मान देणारी होती. त्याला काय करावयाचे ते ठाऊक आहे, फक्त साधन नाही, हे तिच्यात गृहीत धरलेले होते. कोलंबिया मार्केटच्या अटीत नेमके याच्या उलट गृहीतक होते.

अँजेला यांच्या व्यावहारिक दृष्टीची अशी आणखी उदाहरणे देता येतील. क्रिमियन युद्धात १८५५ मध्ये त्यांनी स्कुटारी येथील रुग्णालयासाठी कपडे वाळविण्याचे यंत्र तयार करून घेऊन पाठविले. व्हाइटलँड्स या शिक्षिका-प्रशिक्षण संस्थेत ‘नित्योपयोगी गोष्टीं’च्या ज्ञानासाठी त्यांनी पारितोषिके ठेवली आणि १८५६ मध्ये त्याविषयीचा वृत्तान्त स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केला. जेथे त्यांनी काम करणाऱ्याची गरज पाहिली, तेथे त्यांचे दान फळाला आले. जेथे गरिबाच्या चारित्र्याची रचना करू पाहिली, तेथे ते अडखळले. हा निकष सर्वत्र तंतोतंत लागू पडेल असे नाही. केप टाउन, ॲडलेड आणि ब्रिटिश कोलंबिया येथील बिशपपदांना त्यांनी दिलेल्या देणग्या किंवा सारावाकचा राजा जेम्स ब्रूक याला केलेले साहाय्य यांचा विचार साम्राज्यविस्ताराच्या संदर्भात स्वतंत्रपणे करावा लागेल. परंतु मूल्यमापनासाठी देणग्यांच्या बेरजेपेक्षा हा निकष अधिक उपयोगी आहे.

१८८१ चा विवाह : देण्याचा हक्क आणि घेण्याचा हक्क

१२ फेब्रुवारी १८८१ रोजी सहासष्ट वर्षांच्या अँजेला यांनी आपले सचिव विल्यम ॲशमीड-बार्टलेट यांच्याशी विवाह केला. ते एकोणतीस वर्षांचे होते आणि जन्माने अमेरिकन होते. राणी व्हिक्टोरियापासून बँकेच्या भागीदारांपर्यंत सर्वांनी या विवाहाविषयी तीव्र नापसंती व्यक्त केली. मृत्युपत्रातील परकीय नागरिकाविषयीची अट भंग झाल्यामुळे उत्पन्नाचा तीन पंचमांश भाग त्यांची बहीण क्लारा हिच्याकडे गेला. अँजेला यांच्याकडे दोन पंचमांश उरला. पतीने बर्डेट-कूट्स हे नाव घेतले आणि पुढे १८८५ पासून ते वेस्टमिन्स्टरचे संसदसदस्य होते.

चरित्रांतून या प्रसंगाकडे बहुधा उतारवयातील दुर्बलता किंवा लोकापवादाचे प्रकरण म्हणून पाहिले जाते. दानकार्य त्यामुळे आकुंचित झाले, ही हळहळही व्यक्त होते. ती अनाठायी नाही. उत्पन्न घटल्यामुळे अनेक संस्थांना झळ पोचली असणार. पण या हळहळीत एक गृहीतक दडलेले आहे. अँजेला यांची संपत्ती ही जणू समाजाची ठेव होती आणि तिचा काही भाग स्वतःच्या सुखासाठी गमावण्याचा त्यांना अधिकार नव्हता, असे ते गृहीतक होय. चौरेचाळीस वर्षे त्या देत होत्या, तेव्हा समाजाने त्यांना राणीच्या खालोखाल मान दिला. एकदाच त्यांनी स्वतःसाठी काही घेतले, तेव्हा त्याच समाजाने त्यांच्या विवेकाविषयी शंका घेतली. एखाद्या पुरुष धनिकाने उतारवयात तरुण स्त्रीशी विवाह केला असता, तर तो थट्टेचा विषय झाला असता, परंतु त्याच्या दातृत्वाचे पुनर्मूल्यांकन त्यावरून झाले नसते. त्यांचे आजोबा थॉमस कूट्स यांनी अगदी हेच केले होते आणि त्या विवाहातूनच ही संपत्ती अँजेला यांच्यापर्यंत आली होती, हे येथे विसरता येत नाही.

त्या नियमभंगाची किंमत त्यांना ठाऊक होती. अटी कोणत्या, हे त्यांना तेविसाव्या वर्षापासून माहीत होते. म्हणून हा विवाह त्यांच्या चरित्रातील विसंगती नसून त्यांनी अटींविरुद्ध घेतलेला सर्वांत स्पष्ट निर्णय आहे. ज्या स्त्रीने आयुष्यभर इतरांना अटींसह दिले, तिने अखेरीस अट मोडण्याचा दंड स्वतः भरला.

यानंतरही त्यांचे सार्वजनिक जीवन संपले नाही. १८९३ मध्ये त्यांनी ‘विमन्स मिशन’ हा ग्रंथ संपादित केला. स्त्रियांच्या लोकसेवेविषयी फ्लॉरेन्स नाइटिंगेल आदींचे लेख त्यात आहेत. त्यांच्या स्वतःच्या नावाने आलेले लेखन थोडेच असल्यामुळे डिकन्सच्या पत्रांच्या जोडीने या संपादनाचाही बारकाईने अभ्यास होणे अगत्याचे आहे.

मराठी वाचकाच्या दृष्टीने

व्हिक्टोरियन इंग्लंडमधील पुनर्वसनगृहांच्या परंपरेशी मराठी समाजाचा एक प्रत्यक्ष संबंध आहे. १८८३ मध्ये इंग्लंडला गेलेल्या पंडिता रमाबाई यांनी वाँटेज येथील भगिनींबरोबर राहत असताना फुलहॅम येथे त्यांनी चालविलेले ‘पतित’ स्त्रियांसाठीचे गृह पाहिले. त्याचा आपल्या मनावर खोल परिणाम झाला, असे त्यांनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात नोंदविले आहे. केडगावच्या कृपासदनाचा विचार करताना हा धागा लक्षात घ्यावा लागतो. तथापि एक फरक स्पष्ट आहे. रमाबाई स्वतः त्या स्त्रियांबरोबर राहिल्या आणि स्वतःची कहाणी स्वतः लिहून ठेवली. अँजेला स्ट्रॅटन स्ट्रीटवरील आपल्या घरातून दान देत राहिल्या आणि त्यांची कहाणी इतरांनी लिहिली. देणारी आणि घेणारी यांच्यातील अंतर किती, यावर दानाचे स्वरूप अवलंबून असते, हे या दोन उदाहरणांवरून दिसून येते.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, अँजेला बर्डेट-कूट्स यांचे उपलब्ध चित्र प्रामुख्याने पुरुष पत्रलेखकांच्या साधनांवर आधारलेले आहे आणि त्यातील त्यांच्या मौनाचा अर्थ संमती किंवा कर्मठपणा असा लावणे योग्य नाही. दुसरा असा की, त्यांचे दान आणि त्यांचा वारसा या दोहोंच्या मुळाशी अटींची व्यवस्था आहे, म्हणून एकाचा विचार दुसऱ्यावाचून करता येत नाही. तिसरा निष्कर्ष असा की, त्यांच्या कार्याचे यशापयश रकमेवर अवलंबून नव्हते. बाल्टिमोरच्या नौका कोलंबिया मार्केटच्या मानाने अल्प खर्चाच्या होत्या, तरी त्याच अधिक फलदायी ठरल्या, कारण तेथील अटीत घेणाऱ्यावर विश्वास होता. चौथा असा की, १८८१ चा विवाह हा त्यांच्या चरित्राचा उपसंहार म्हणून न वाचता त्याच्या मध्यवर्ती प्रश्नाचे उत्तर म्हणून वाचला पाहिजे.

त्यांचे मोठेपण यामुळे कमी होत नाही. ज्या काळात स्त्रीला मतदानाचा हक्क नव्हता आणि विवाहित स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेवर पूर्ण हक्क नव्हता, त्या काळात एका स्त्रीने सार्वजनिक जीवनात एवढे विस्तृत क्षेत्र स्वतःसाठी निर्माण केले. मात्र ते क्षेत्र देण्याचे होते, तोवरच समाजाने मान्य केले. हे लक्षात ठेवले, तर तेरा टन सोन्याच्या हिशेबाआड राहिलेल्या या स्त्रीचे व्यक्तिमत्त्व अधिक न्याय्य रीतीने समजून घेता येईल.